तुझ्याबरोबर मीही सोडतो

डेपोच्या कँटीनमध्ये तिला सगळे रेडिओताई म्हणत, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बावीस वर्षं ती चहाच्या मोठ्या पातेल्यामागे उभी होती. कुठल्या ड्रायव्हरच्या मुलीला नोकरी लागली, कुठल्या कंडक्टरचं सासऱ्याशी वाजलं, कुणाच्या कमरेत उसण भरली, सगळं तिच्या काउंटरवरून पाव-अंड्याच्या ताटल्यांबरोबर पुढे सरकायचं. त्यात दुष्टावा नव्हता. तोंडात तीळ भिजत नव्हता, एवढंच. आणि न्याय सगळ्यांना सारखा होता: स्वतःचंही ती काही झाकून ठेवत नसे. तिचा गुडघा दुखला तरी डेपोला कळे, लेकीचा फोन आला तरी डेपोला कळे.

तिचा नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. स्वभावानं अगदी दुसरं टोक. त्याला लोक घुम्या म्हणत, अर्थात पाठीमागे. सकाळची पाळी, अकरा नंबरची गाडी, स्टेशन ते कारखाने आणि परत. गाडीला कधी ओरखडा नाही, तोंडातून कधी वावगा शब्द नाही. "एक बोलणारी, एक ऐकणारा, संसार आपोआप चालतो," असं ती हसून सांगायची.

त्याची एक गोष्ट तिला फार आवडे. कँटीनचा चहा तो घेत नसे. "मला तो मानवत नाही. घरचाच बरा," म्हणायचा. कँटीनचा चहाही तिच्याच हातचा होता, पण त्या वाक्याचा अर्थ तिनं आपल्या सोयीनं लावून घेतला होता. सकाळ-संध्याकाळ ती दोन चमचे साखर घालून त्याचा मोठा पेला भरे, आणि तो गॅलरीत एकटा बसून चहा घेई. रविवारी ती केक भाजायची. त्यातला निम्मा तो डब्यात भरून घ्यायचा, गाडीवर खाईन म्हणून.

गेलं वर्ष-दीड वर्ष तिला सारखी तहान लागायची. पातेल्याच्या वाफेनं होत असेल, असं ती म्हणे. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. दुपारी ताटल्या विसळताना पाय इतके जड व्हायचे की ती उलट्या घातलेल्या बादलीवर बसून घ्यायची. शेवटी पायाला झालेली एक साधी जखम महिनाभर भरेना, तेव्हा ती डेपोजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि दोन दिवसांनी कागद समोर ठेवला.

"साखर आहे तुम्हाला. आणि आजकालची नाही. आधी कधी तपासलं नव्हतं?"

"कशाला तपासणार? आमच्या घरात कुणालाच नाही."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या, खाण्यापिण्याचा एक तक्ता दिला. म्हणाल्या, "साखर, केक, बिस्किटं बंद. भात कमी. पण उद्यापासून सगळं तोडाल तर चार दिवसांत परत फिराल. गोळ्या आज सुरू करा आणि खाण्याची एक तारीख ठरवा. आधीचे दहा दिवस तयारीला घ्या. घरातलं आवरा, जिभेला थोडी थोडी सवय होऊ दे. आणि घरच्यांना सांगा. घरच्यांची साथ असली की निम्मं काम होतं."

घरच्यांच्या आधी अर्थातच डेपोला कळलं. दुसऱ्या पाळीच्या गाड्या सुटायच्या आत सगळ्यांना माहीत झालं की रेडिओताईला साखर निघाली आणि येत्या एक तारखेपासून ती गोड सोडणार. कुणी कडू पाल्याचा रस सुचवला, कुणी पहाटे चालायला सांगितलं. लांब्या नावाचा एक कंडक्टर होता, तो म्हणाला, "ताई, तुम्ही साखर सोडली तर आमच्या चहात कोण घालणार?" ती हसली. पण घरी येताना तिला आई आठवत राहिली. तिची आई याच दुखण्यात शेवटी डोळ्यांनी गेली होती, असं गावातले लोक म्हणत. पण तेव्हा तपासायला कोण बसलं होतं?

नवरा गॅलरीत खुर्चीवर बसला होता. तिनं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो बराच वेळ पाहिला. ज्याला त्यातलं काही कळत नाही असा माणूस जेवढा वेळ पाहील, त्याहून जास्त वेळ. मग त्याचा चेहरा उतरला.

"इतकी?" एवढंच म्हणाला.

"एक तारखेपासून सोडायचं सगळं. मला जमेल का हो? पन्नाशी उलटली. साखरेशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही."

तो उठला, कठड्याशी जाऊन उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, "तुझ्याबरोबर मीही सोडतो."

"तुम्ही? तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. पण तू एकटी कशाला? दोघं मिळून सोडू."

तिला रडूच आलं. तीस वर्षांच्या संसारात इतकं मोठं वाक्य तो बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं ते कँटीनभर सांगितलं. माणसाला काही होत नाही, धडधाकट आहे, आणि बायकोसाठी साखर सोडतोय! लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो खाली मान घालून हसला आणि ताटली उचलून कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेला. लाजतोय बिचारा, असं तिला वाटलं.

मग तयारी सुरू झाली. कुठलंही काम हाती घेतलं की ती घर डोक्यावर घ्यायची. तिनं स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी केली. जॅमच्या बरण्या, बिस्किटांचे पुडे, कोकोचा डबा, केकची भांडी, सगळं जमिनीवर मांडलं. चहातली साखर पहिल्या दिवशी दीड चमचा, तिसऱ्या दिवशी एक, पाचव्या दिवशी अर्धा. अर्ध्या चमच्याच्या चहाला ती "औषध" म्हणू लागली. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, रस्त्यानं जाताना बेकरीसमोर पाय अडायचे. अशा वेळी तिला नवऱ्याची आठवण यायची. तोही सोसतोय की आपल्याबरोबर! तोंडातून चकार शब्द काढत नाही.

उलट तो मदत करायचा. तिला त्याचं नवल वाटे. ती बाजारातून फळांचा रस घेऊन आली तर म्हणाला, "रस नको, आख्खं फळ खा. तेही जेवणानंतर लगेच नको." ती बटाटे उकडायला लागली तर म्हणाला, "बटाटा घेतलास तर भात सोड." एकदा तर त्यानं तिचा डॉक्टरांचा तक्ता न बघताच सांगितलं की दोन जेवणांमध्ये मूठभर दाणे चालतात.

"तुम्हाला कसं हो माहीत एवढं?"

"पेपरात येतं."

पेपर तर तीही वाचायची. पण ज्याच्या तोंडून शब्द काढायला नाकी नऊ येतात, तो आपल्यासाठी वाचून लक्षात ठेवतोय, याचंच तिला अप्रूप. तेही डेपोला कळलं.

एक तारखेला तीन दिवस उरले होते. शनिवारी तिची सुट्टी होती आणि नवरा गाडीवर. तिनं जमिनीवरचं सगळं गोड दोन पिशव्यांत भरलं आणि वन्संकडे निघाली. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. नवरा रोज पाळी संपली की अर्धा तास तिच्याकडे डोकावून येई. एकट्या बहिणीची इतकी काळजी घेणारा भाऊ, म्हणून रेडिओताईनं त्याचंही कौतुकच केलं होतं.

वन्सं गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. वरूनच ओरडल्या, "दार उघडंच आहे. ठेव आत, आलेच मी."

स्वयंपाकघरात ओट्यावर जागा नव्हती म्हणून तिनं खालचं कपाट उघडलं. समोरच तिचा निळ्या झाकणाचा डबा होता. केक न्यायचा डबा. "गाडीत विसरलो, कुणीतरी नेला," असं नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तिला आधी हसूच आलं. विसरभोळा! तिनं तो बाहेर ओढला. त्याच्या मागे एक चपटा पत्र्याचा डबा होता. बिस्किटांचे पुडे त्यात मावतील का, हे बघायला तिनं झाकण उघडलं.

आत गोळ्यांची पाकिटं होती. तिला डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्याच गोळ्या. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर बघायचं छोटं यंत्र होतं. आणि एक फाईल. फाईलवर तिच्या नवऱ्याचं नाव होतं, वन्संच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात.

ती जमिनीवर बसली. फाईलमध्ये तीन-तीन महिन्यांचे कागद तारखेनं लावलेले होते. सगळ्यात खालचा कागद सहा वर्षांपूर्वीचा. पुढचे कागद बघत गेलं तर आकडे हळूहळू खाली आलेले दिसत होते. गेल्या चार वर्षांचे तर एकसारखे, शहाण्या मुलाच्या प्रगतिपुस्तकासारखे. मध्ये खाण्यापिण्याचा तक्ता होता, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. आख्खं फळ खा, रस नको. बटाटा घेतल्यास भात नको. मूठभर दाणे.

त्या तक्त्याच्या तळाशी डॉक्टरांनी पेनानं एक ओळ लिहिली होती आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. 'पत्नीचीही तपासणी करून घ्यावी.'

वन्सं रिकामी बादली घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे काय आहे वन्सं?"

वन्संनी बादली खाली ठेवली. पदराला हात पुसले. खोटं बोलायला लागणारा वेळ त्यांनी घेतला नाही, एवढं खरं. "त्याला साखर आहे," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं आणि चार महिने."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"मीच नेलं होतं त्याला डॉक्टरकडे. चक्कर आली होती इथे. औषधं इथेच ठेवतो, इथेच घेतो. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं, घरी सांग म्हणून. पण त्यानं शपथ घातली. म्हणाला, तिला सांगितलं तर दुपारपर्यंत डेपोला कळेल, आणि गाडी काढून घेतील माझी."

रेडिओताईनं निळ्या डब्याकडे बोट दाखवलं. "आणि माझे केक?"

"खालच्या मजल्यावरची मुलं नेतात. फार आवडतात त्यांना." वन्सं घाईघाईनं म्हणाल्या, "एक तुकडा वाया घालवला नाही हो मी कधी."

हे त्यांनी तिचं समाधान व्हावं म्हणून सांगितलं होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. सहा वर्षांचे रविवार! पीठ चाळायचं, अंडी फेटायची, भट्टीशी उभं राहायचं. सोमवारी तो आल्यावर विचारायचं, "कसा झाला होता?" आणि तो म्हणायचा, "मस्त. मऊ झाला होता."

तिनं फाईल पिशवीत घातली. बरण्या, पुडे तिथेच जमिनीवर सोडले. वन्सं मागून म्हणाल्या, "अगं, त्याच्या मनात वाईट नव्हतं." ती जिना उतरत होती, तिनं वळून पाहिलं नाही.

नवरा चार वाजता घरी आला. बहिणीकडे जाऊन आला असणार, कारण दारातून आत येतानाच त्याला सगळं माहीत होतं. फाईल टेबलावर होती. तो खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चहाचं काय करत होता?" तिनं विचारलं. दिवसभर तिनं मनात शंभर प्रश्न जुळवले होते आणि तोंडातून हा निघाला.

त्यानं गॅलरीकडे पाहिलं.

"सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. दोन-दोन चमचे. गॅलरीत बसून काय करत होता त्याचं?"

"ओतायचो," तो म्हणाला. "कोपऱ्यात. पाणी जायचं भोक आहे तिथे."

म्हणून त्या कोपऱ्यात बारा महिने मुंग्या! पावडर टाकून टाकून ती थकली होती. घरमालकाशी भांडली होती. आणि हा माणूस शेजारी उभं राहून, "खालून येत असतील," म्हणायचा.

"मी काय तुमच्या वाईटावर होते?"

"तसं नाही गं. मला गाडीची भीती वाटली. तुझ्या पोटात काही राहत नाही, हे तूच म्हणतेस. पहिल्या वर्षी सांगणार होतो, खरंच. मग वर्ष उलटलं. मग वाटलं, आता सांगितलं तर तू विचारशील, वर्षभर का नाही सांगितलं. मग दोन वर्षं झाली."

"मी बोलघेवडी आहे, कबूल. पण एकदा तरी म्हणून बघायचं होतं की हे कुणाला सांगू नकोस. एकदा! तीस वर्षांत तुम्ही मला एकसुद्धा गोष्ट अशी सांगितली नाही की जी मी लपवून ठेवायची होती. मग मला लपवता येतं की नाही, हे तुम्हाला कळलं कुठून?"

तिनं फाईल उघडली, फाटका तक्ता काढला, सरळ करून त्याच्यापुढे ठेवला आणि तळाच्या ओळीवर बोट टेकवलं.

"हे वाचलं होतं?"

"हो."

"मग?"

तो टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला.

"मी विचारतेय, मग? दीड वर्ष मी हंडाभर पाणी पितेय तुमच्या डोळ्यांदेखत. पाय जड होतात म्हणते. चष्मे बदलते. तुम्हाला तर एक-एक लक्षण पाठ होतं. तुम्ही काय म्हणालात मला? वय झालं, म्हणालात."

"तुला तपासायला नेलं असतं तर तू विचारलं असतंस, एकाएकी कशाला..." आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला स्वतःला ऐकू आलं होतं.

"म्हणजे तुमचं बिंग फुटू नये म्हणून," ती शांतपणे म्हणाली. ओरडायचं तिनं ठरवलं होतं, पण आवाजच वर जाईना. "स्वतः ताटावरून उठलात. मला बसवून ठेवलंत. वर 'मस्त झालाय' म्हणत राहिलात."

तो रडायला लागला. तिनं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं; दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती धावली असती. ती उभी राहून बघत राहिली.

"आणि 'तुझ्याबरोबर मीही सोडतो'?" ती म्हणाली. "ते कशाला? ते तरी बोलायचं नाही! नुसतं गप्प बसला असतात, जसे सहा वर्षं बसलात, तरी चाललं असतं. त्या वाक्यावर मी रडले होते हो."

रविवारी लेकीचा फोन आला. लेक परगावी नोकरीला होती, दर रविवारी फोन करायची. "तयारी झाली का गं आई? बाबा पण सोडतायत ना, किती छान!" रेडिओताईच्या अगदी ओठावर प्रश्न आला होता: तुला माहीत होतं का? आत्यानं तुला सांगितलं होतं का? पण 'हो' आलं तर ते कुठे ठेवायचं, हे तिला कळेना. तिनं हवापाण्याचं विचारलं आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक प्रश्न गिळला, आणि तो किती दिवस घशात अडकून राहतो हेही तिला कळलं.

सोमवारी कँटीनमध्ये नेहमीसारखी झुंबड होती. नवरा रांगेत उभा होता, दोन माणसं सोडून. लांब्या कंडक्टर काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला, "ताई, उद्या एक तारीख! आमच्या घुम्यासाहेबांचा सत्कार करायला पाहिजे. बायकोच्या दुखण्यात साखर सोडणारा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. काय?"

सगळे हसले. नवऱ्यानं वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्या हातात डाव होता, समोर वाफाळतं पातेलं, आणि जिभेच्या शेंड्यावर ते सगळं. फक्त दोन वाक्यं लागली असती. दुपारपर्यंत कशाला, पाच मिनिटांत डेपोला कळलं असतं.

तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. दया आली म्हणून नव्हे. बोलली असती तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि ते समाधान तिला त्याला द्यायचं नव्हतं.

"पुढे सरका, गर्दी करू नका," ती म्हणाली.

नवऱ्याची पाळी आली तेव्हा तिनं त्याच्यापुढे बिनसाखरेच्या चहाचा पेला ठेवला आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या मागे पन्नास माणसं बसतात. एकदा चक्कर आलेली आहे. साहेबांना जाऊन सांगा. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

तो पेला घेऊन तिथेच उभा राहिला. मग पेला तसाच ठेवून मॅनेजरच्या खोलीकडे गेला.

दीड तास तो बाहेर आला नाही. तिचं दूध तीन वेळा उतू गेलं. साहेबांनी त्याला डेपोच्या डॉक्टरांकडे पाठवलं. फाईल त्यानं घरून आणली. डॉक्टरांनी सगळे कागद चाळले, दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, साखर इतकी आटोक्यात आहे, गाडी काढून घेण्याचं कारण काय? दर सहा महिन्यांनी येऊन दाखवा. लपवलं म्हणून साहेबांनी एक ताकीद दिली, तीही तोंडी. या डेपोत साखर असलेले आणखी पाच ड्रायव्हर होते आणि पाचही जण गाडी चालवत होते. त्यातल्या दोघांचं तर रेडिओताईला केव्हाचं माहीत होतं. त्यानं तिला कधी विचारलं असतं तर तिनं चहा गाळता गाळता सांगितलं असतं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखा दिसत होता. "गाडी राहिली गं!" तो दारातूनच म्हणाला. सहा वर्षांत प्रथमच मोकळा हसला. तिच्याही चेहऱ्यावर हसू येईल म्हणून वाट बघत राहिला.

"म्हणजे हे सगळं उगाचच होतं," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

एक तारीख आली. तिनं सांगितल्याप्रमाणे साखर सोडली. पहिले आठ दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, हातपाय गळून जायचे, एकदा तर कँटीनच्या साखरेच्या डब्यात तिचं बोट जाऊन परत आलं. नवऱ्यानं आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगायचा प्रयत्न केला. कधी काय खाल्लं की किती फरक पडतो, हे त्यानं सहा वर्षं एका वहीत टिपून ठेवलं होतं. वही त्यानं तिच्या उशाशी आणून ठेवली. तिनं दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उघडली, उपयोगाचं होतं ते आपल्या तक्त्यावर उतरवून घेतलं आणि वही त्याला परत केली. वैद्याशी भांडण असलं तरी औषधाशी कशाला?

वन्संकडे ती गेली नाही. वन्सं एकदा आल्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "किती दिवस धरून बसणार आहेस?" ती म्हणाली, "सहा वर्षं आणि चार महिने तर होऊ द्या." वन्सं बसल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. ती डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेली. येतो म्हणणाऱ्या नवऱ्याला तिनं घरी थांबवलं. आकडा चांगला खाली आला होता. जखम भरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाब्बास! घरच्यांनी साथ दिलेली दिसते."

तिनं मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, ते बाईंना कळलं नसावं.

घरी आल्यावर तिनं कागद नवऱ्यापुढे ठेवला आणि एक-एक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. "मी तुमच्यासारखी नाही," म्हणाली. "माझं जे आहे ते हे असं आहे." त्याचे डोळे भरून आले. फार बरं वाटलं, म्हणाला. असेलही वाटलं. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, पण आता त्या चेहऱ्यावरून तिला काही वाचता येईनासं झालं होतं.

त्या दिवशी तिनं भाज्यांचं सूप केलं होतं. दोघं टेबलाशी समोरासमोर बसली. त्यानं पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, "छान झालंय."

ती आपला चमचा हातात धरून थांबली. घोट त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत बघत राहिली. त्याला ते कळलं. त्यानं दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला, सावकाश, तिला दिसेल असा, वाटी रिकामी होईपर्यंत. मग तिनं स्वतःचं सूप प्यायला सुरुवात केली. तोवर ते गार झालं होतं.